पितळी टॉर्चचा नवा दिवा

भारतीय रेल्वेची रूळमार्गाची नियमपुस्तिका आहे. रेल्वेवाले तिला ‘पीवे मॅन्युअल’ म्हणतात. १९८६ सालच्या आवृत्तीत पावसाळी रात्री रुळावर गस्त घालणाऱ्या माणसाने काय काय बरोबर न्यायचे, याची यादी दिली आहे. क्रमांकाचा बिल्ला, काठी, रुळावर ठेवायचे, आवाजाने ड्रायव्हरला सावध करणारे डिटोनेटर, लाल आणि हिरव्या झेंड्या, तिरंगी हातदिवा, काडेपेटी, शिट्टी. आणि एक टॉर्च, तीन सेलची.

हातात दिवा असताना टॉर्च वेगळी कशाला? यादी कारणे देत नाही, पण रात्री खडीवरून चाललेला माणूस डोळ्यांसमोर आणला की उत्तर मिळते. तिरंगी दिवा ड्रायव्हरला दिसायला असतो. टॉर्च गस्तवाल्याला स्वतःला दिसायला असते. रूळ तुटला आहे का, भरावाखालची माती वाहून गेली आहे का, मोरीचे पाणी कुठवर चढले आहे, हे सगळे त्या टॉर्चच्या झोतात पाहायचे. वाट बंद दिसली तर ब्रॉडगेजवर ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर तीन डिटोनेटर लावायचे, म्हणजे अंधारात सव्वा किलोमीटर जवळजवळ धावायचे. पाय कुठे पडतो हे तीच टॉर्च सांगणार. एक उजेड दिसण्यासाठी आणि एक पाहण्यासाठी, ही फोड या यादीने जितकी स्वच्छ केली आहे तितकी आज एलईडीच्या कुठल्याही खोक्यावर आढळत नाही. तिथे वॉट आणि लुमेन मोठ्या अक्षरांत छापलेले असतात आणि उजेड कशासाठी हवा, हे विचारायला कोणी नसते.

सोलापुरात ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वे १८६० मध्ये पोचली आणि आज हे शहर मध्य रेल्वेच्या विभागाचे मुख्यालय आहे. घरटी एक माणूस रेल्वेत अशा वस्त्या इथे आहेत आणि त्यांच्या माळ्यावरच्या ट्रंकांत अशा जुन्या टॉर्च निघतात. जिल्ह्याच्या खेड्यांत त्या दाराजवळच्या खुंटीला टांगलेल्या असतात. बहुतेक एव्हरेडीच्या, नाहीतर अलाहाबादच्या जीपच्या. पितळेची नळी, वर निकेलचा मुलामा, बोटाने सरकवायचा खटका, झोत बारीक-मोठा करायला फिरणारे डोके. दोन-तीन पिढ्या वापरूनही नळीला काही झालेले नसते. म्हाताऱ्या झालेल्या असतात त्या दोनच गोष्टी, आतला बल्ब आणि त्याच्यावरचा विश्वास. म्हणूनच ‘हिच्यात एलईडी बसवून मिळेल का’ ही विचारणा. दुकानदार बसवूनही देतो. बसवलेला एलईडी त्या टॉर्चला मानवतो का, हा खरा प्रश्न आणि त्याला बराच हिशोब लागतो.

सोलापूर जिल्ह्यात या प्रश्नाला निकड आहे ती शेतीच्या विजेमुळे. कृषिपंपांना थ्री फेज वीज चक्राकार पद्धतीने मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रपाळी आली की ऊस असो, डाळिंब असो वा मका, मोटार चालू करायला आणि दारं धरायला शेतकऱ्याने अंधारातच जायचे. होटगीजवळ एनटीपीसीचा १३२० मेगावॉटचा वीजप्रकल्प उभा आहे. पलीकडच्या शिवारातला माणूस मात्र बांधावर चाचपडतच पाणी फिरवतो. २०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतू शेतीला दिवसा वीज देण्याचा आहे. ती जिथे पोचली तिथे शेतकऱ्याची रात्र सुटली. जिथे पोचायची आहे तिथे टॉर्चशिवाय गत्यंतर नाही.

बांधावर काय असते हे इथल्या माणसाला सांगावे लागत नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसे. यातले फुरसे तर फूट-दीड फुटाचे, मातीच्या रंगात मिसळून जाणारे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला ५८ हजारांच्या आसपास, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने मांडला. बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातले, निम्म्याहून जास्त पावसाळ्याच्या महिन्यांतले. टॉर्चमध्ये कोणता दिवा घालावा हा प्रश्न अशा ठिकाणी हौसेचा राहत नाही.

टॉर्चचा इतिहास इथे एका तारखेपुरता पुरे. १० जानेवारी १८९९ रोजी डेव्हिड मिसेल या संशोधकाला अमेरिकेत पेटंट मिळाले. ते त्याने कॉनरॅड ह्यूबर्टच्या कंपनीच्या नावे केले होते आणि त्याच कंपनीतून पुढे एव्हरेडी हे नाव जगभर गेले. पेटंटच्या चित्रात नळी आहे, नळीत एकामागे एक सेल आहेत, पुढे बल्ब आणि त्याच्याभोवती परावर्तक. खुंटीवरची पितळी टॉर्च आजही तीच आहे. म्हणजे नवा दिवा कितीही आधुनिक असला तरी त्याला सव्वाशे वर्षांच्या या घरात, याच सेलांवर आणि याच परावर्तकात नांदायचे आहे.

सेलांपासून सुरुवात करायला हवी, कारण बहुतेक फसगत तिथेच होते. जुन्या तंतूच्या बल्बला व्होल्ट थोडे कमी मिळाले तर तो पिवळा पडतो, पण लागतो. पांढऱ्या एलईडीला साधारण तीन व्होल्ट लागतातच. त्याखाली तो मंद होतो आणि आणखी थोडे खाली गेले की जवळजवळ विझतो. दोन मोठ्या सेलांचे नवेपणी होतात तीन व्होल्ट आणि वापर सुरू होताच ते अडीचकडे घसरतात. म्हणून दोन सेलच्या टॉर्चमध्ये नुसता एलईडी लावून भागत नाही, व्होल्ट चढवणारे छोटे सर्किट बरोबर लागते. ते मोड्यूलच्या, म्हणजे बल्बच्या जागी बसणाऱ्या तयार एलईडीच्या, पोटात असते. खोक्यावर ते किती व्होल्टपासून चालते हे लिहिलेले असेल तर घ्यावे. नसेल तर दुकानातच नव्या आणि अर्ध्या वापरलेल्या, अशा दोन्ही सेलांवर लावून पाहावे.

पण चढवलेले व्होल्ट फुकट येत नाहीत. एक वॉटच्या एलईडीला, सर्किटची थोडी गळती धरून, सेलांकडून सुमारे १.२ वॉट घ्यावे लागतात. सेलांचे २.४ व्होल्ट असताना हा प्रवाह होतो अर्धा अँपिअर. सेल उतरून दोन व्होल्टवर आले की तोच प्रवाह ०.६ अँपिअर होतो. सेल जितके थकलेले तितके सर्किट त्यांच्याकडून जास्त ओरबाडते. आता हाच हिशोब खोक्यावरच्या ‘३ वॉट’ला लावला तर प्रवाह दीड अँपिअरपर्यंत जातो. गावच्या किराणा दुकानात मिळणारे साधे झिंक-कार्बनचे सेल हा भार पेलत नाहीत. पहिली काही मिनिटे लखलखाट, मग उतरती कळा. तीन वॉटचे मोड्यूल दोन साध्या सेलांच्या पितळी टॉर्चमध्ये बसवणे हे सरळ नुकसान आहे, आणि सोलापूरच्या शेतकऱ्याला ते दाखवून विकणाऱ्याने निदान अल्कलाइन सेलांचा खर्च आधी सांगावा.

तीन सेलच्या टॉर्चची गोष्ट निराळी, आणि इथे रेल्वेच्या त्या यादीकडे पुन्हा आदराने पाहावेसे वाटते. तीन सेल म्हणजे ४.५ व्होल्ट. एलईडीला हवेत ३.१ च्या आसपास. वर उरतात १.४ व्होल्ट, ते एका रेझिस्टरमध्ये जिरवले की काम झाले. प्रवाह ०.३ अँपिअर ठेवायचा तर १.४ भागिले ०.३, म्हणजे साधारण ४.७ ओहम. नेमका हाच आकडा बाजारात तयार मिळतो. त्यात अर्ध्या वॉटच्या आसपास उष्णता होते, म्हणून रेझिस्टर एक वॉटचा घ्यावा. रेडिओ दुरुस्त करणारा कोणीही माणूस हे काम चहा निवेपर्यंत करून देईल.

रेझिस्टरमध्ये तीस टक्के वीज वाया जाते, असा आक्षेप यावर येतो. आकडा बरोबर आहे. तरीही शेतावर जाणाऱ्याने हीच रचना निवडावी, कारण ती खोटे बोलत नाही. सेल उतरून ३.६ व्होल्टवर आले की प्रवाह आपोआप निम्म्यावर येतो आणि उजेड हळूहळू कमी होत जातो. माणसाला दिसते की आता परतायला हवे. व्होल्ट चढवणारे चांगले सर्किट याच्या उलट वागते. ते शेवटपर्यंत एकसारखा उजेड देते आणि सेल संपले की एकाएकी मान टाकते. बांधाच्या मध्यावर, पाण्यात पाय असताना, अशी टॉर्च विझावी यासारखी वाईट गोष्ट नाही. तंतूचा जुना बल्ब पिवळा पडून तासभर आधी सूचना द्यायचा. हा गुण नव्या दिव्यातही राहिला पाहिजे, मग त्यापायी थोडी वीज गेली तरी चालेल.

सर्किट सेलांना शेवटच्या थेंबापर्यंत पिळते याचा आणखी एक परिणाम आहे. झिंक-कार्बनच्या सेलात जस्ताचे भांडे हेच ऋण टोक असते. वीज देताना ते भांडे स्वतःच खर्ची पडते, पातळ होते, शेवटी त्याला भोके पडतात आणि आतला खारट द्रव पितळेवर येतो. स्प्रिंगवर साचलेला हिरवा थर तोच. आजोबांची टॉर्च बुरशीसारख्या हिरव्या थराने खटक्याशी बंद पडलेली असेल तर मोड्यूल घेण्याआधी बारीक पॉलिश पेपरने स्प्रिंग, खटक्याची पट्टी आणि बुडाच्या झाकणाचे आटे घासून लखलखीत करावेत. जुन्या जोडांत ०.३ ओहमचा अडथळा असला तरी अर्ध्या अँपिअरला ०.१५ व्होल्ट तिथेच जातात. दोन सेलच्या टॉर्चला तेवढे परवडत नाहीत. कित्येकदा नुसत्या घासण्याने जुना बल्बच इतका उजळतो की मालकाचा विचार बदलतो.

आता परावर्तक. लुमेनचे वेड इथे उघडे पडते.

अडीच व्होल्ट, ०.३ अँपिअरचा टॉर्चचा बल्ब म्हणजे पाऊण वॉट. त्यातून बाहेर पडणारा उजेड दहा लुमेनच्या आतच. तरीही पितळी टॉर्चचा झोत शेताच्या दुसऱ्या टोकाच्या झाडावर पोचायचा. कारण तंतू केसाएवढा बारीक, तो परावर्तकाच्या नेमक्या नाभीवर बसवलेला, आणि त्याचा उजेड चहूबाजूंना जात असल्याने परावर्तक त्यातला मोठा भाग गोळा करून एका दिशेला फेकायचा. एलईडी चहूबाजूंना उजेड देत नाही. तो फक्त पुढे, पसरट देतो. त्यातला बराचसा उजेड परावर्तकाला न शिवताच बाहेर निघून जातो.

किती फरक पडतो, हे आकड्यांत पाहता येते. टॉर्चचा पल्ला मोजायची एक पद्धत २००९ साली अमेरिकी मानकाने ठरवून दिली. झोताच्या मध्यावरची तीव्रता कँडेलात मोजायची, तिचे वर्गमूळ काढायचे आणि दुप्पट करायची. येतील ते मीटर. त्या अंतरावर उजेड पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उरतो. ८० लुमेनचा उघडा एलईडी समोर देतो फार तर २५ कँडेला. वर्गमूळ पाच, पल्ला दहा मीटर. एका एकराचे चौरस रान घेतले तर त्याची बाजू साधारण ६४ मीटर भरते. या टोकावरून त्या टोकाचे रानडुक्कर दिसायला हजारएक कँडेला लागतात. पाच एकरांच्या चौरस रानाची बाजू १४२ मीटर, तिथे लागतात पाच हजार. लुमेन वाढवत नेऊन इथे पोचता येत नाही. परावर्तकाने एलईडीला साथ दिली तरच पोचता येते.

म्हणून मोड्यूल निवडताना पट्टी घेऊन बसावे. जुना बल्ब बाहेर काढून कॉलरपासून, किंवा आट्यांचा बल्ब असेल तर आट्यांच्या वरच्या कडेपासून, तंतू किती मिलिमीटर उंचीवर आहे ते मोजावे. नव्या मोड्यूलमधला पिवळा ठिपका, म्हणजे जिथून उजेड निघतो ती जागा, त्याच उंचीवर हवी. दोन मिलिमीटर खाली-वर झाली तरी झोताच्या मधोमध काळे भोक दिसते. जुन्या टॉर्चचे डोके फिरते हा इथे मोठा आधार आहे. भिंतीवर झोत टाकून डोके आटे धरून फिरवत न्यावे. एखाद्या जागी झोताचा ठिपका घट्ट आणि गोल झाला तर मोड्यूल जमले. कुठेच झाला नाही तर ते परत करावे, कितीही लखलखीत असो. बल्बच्या आकाराची जी स्वस्त मोड्यूल मिळतात त्यांतल्या काहींवर चपट्या टोकाला चार-सहा ठिपके शेजारी-शेजारी लावलेले असतात. ती या कसोटीला हमखास नापास होतात, कारण नाभीवर एकच बिंदू मावतो. मधल्या दांड्याच्या दोन्ही कडांना बाजूकडे तोंड करून ठिपके लावलेली मोड्यूल परावर्तकाशी जास्त जुळतात. ती तंतूची जागा घ्यायला खरोखर बनवलेली असतात.

पायाखालच्या वाटेसाठी मात्र पसरट उजेडच चांगला. फुरसे दिसायला पल्ला नको, तीन-चार मीटरवर बांधाच्या दोन्ही कडा एकाच वेळी दिसायला हव्यात. हे काम डोक्याला लावायची बॅटरी उत्तम करते आणि हात मोकळे ठेवते. जिल्ह्यातल्या तरुण शेतकऱ्यांनी ती उचललीच आहे. म्हणजे रेल्वेच्या यादीसारखीच शिवारातही दोन उजेडांची वाटणी झाली आहे. डोक्यावरचा पायांसाठी, हातातला लांबच्या झाडीसाठी. पितळी टॉर्चला नवा दिवा द्यायचा तर तिच्याकडून लांबचेच काम घ्यावे, तिच्या खोल परावर्तकाचा जन्म त्यासाठीच आहे.

रंगाचेही एक आहे. बाजारातला बहुतेक माल निळसर पांढरा असतो, ६००० केल्विनच्या पुढचा. तो डोळ्यांत भरतो म्हणून खपतो. कोरड्या तपकिरी मातीवर तपकिरी साप वेगळा ओळखायला पिवळसर, ४००० केल्विनच्या आसपासचा उजेड बरा, कारण तांबूस-तपकिरी छटांतले फरक त्यात टिकतात. आर्द्रतेत आणि धुळीत निळसर झोताचा पांढरा पडदा समोर उभा राहतो, तोही त्रास यात कमी होतो.

या निळेपणाचे मूळ एलईडीच्या जन्मात आहे. पांढरा एलईडी मुळात निळाच असतो, त्यावर पिवळा उजेड देणाऱ्या फॉस्फरचा लेप असतो आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरे दिसते. निळा एलईडी उजळ करून दाखवला शुजी नाकामुरा यांनी, जपानमधल्या निचिया कंपनीत, १९९३ साली. कंपनीने शोधाबद्दल त्यांच्या हातावर २० हजार येन ठेवले. नाकामुरा कोर्टात गेले. २००४ मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने कंपनीने २००० कोटी येन द्यावेत असा निकाल दिला, जपान हादरले, आणि पुढच्या वर्षी वरच्या न्यायालयात सुमारे ८४ कोटी येनवर तडजोड झाली. ही रक्कम स्वीकारावी लागली याची सल नाकामुरांनी लपवली नाही, आणि ती रास्तच होती. २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना आकासाकी आणि अमानो या संशोधकांसह मिळाले.

निळा अधिक पिवळा ही मांडणी सोलापूरच्या रेल्वे-घरांना थेट लागू पडते. तिथल्या ट्रंकांत कधीकधी जुना तिरंगी दिवाही असतो, फिरवला की लाल किंवा हिरवी काच पुढे येणारा. त्यात पांढरा एलईडी घालावा असा मोह होतो. तो टाळावा. या मिश्रणात लाल फारच थोडा असतो, त्यामुळे लाल काचेतून मंद, मरगळलेला उजेड येतो. हिरव्या काचेची अडचण आणखी वेगळी. रॉकेलची ज्योत पिवळी असते, म्हणून सिग्नलची जुनी ‘हिरवी’ काच मुद्दाम निळसर केलेली असे. पिवळ्या ज्योतीपुढे ती हिरवी दिसायची. पांढऱ्या एलईडीपुढे ती निळी दिसते. रुळावर या फरकाला किंमत आहे. म्हणून रेल्वेच्या आताच्या तिरंगी दिव्यांत काच बदलत नाहीत, लाल आणि हिरव्या रंगांचे एलईडीच वेगवेगळे बसवतात. ज्याला आजोबांचा दिवा पेटता पाहायचा आहे त्याने त्यात तंतूचाच बल्ब ठेवावा.

उष्णतेबद्दल दुकानात कोणी बोलत नाही. तंतू तापतो, पण त्याची उष्णता किरणांनी समोर निघून जाते. एलईडीची उष्णता त्याच्या पाठीमागे साचते, तिला धातूतून वाट लागते. एक वॉटच्या एलईडीतला निम्म्याहून जास्त भाग उष्णतेत जातो. सोलापूरचा मे महिना, दुपारी ४२-४३ अंश आणि रात्रीही हवा गरमच. अशात प्लॅस्टिकच्या बुडाचे मोड्यूल लवकर मंदावते. अॅल्युमिनियमच्या २० मिलिमीटरच्या ‘स्टार’ पट्टीवर बसवलेला एलईडी पितळी डोक्याला घट्ट टेकवला तर नळीच त्याची उष्णता पिऊन टाकते. प्लॅस्टिकच्या चार्जिंगच्या टॉर्चवर पितळी टॉर्च मात करते ती इथे.

सेल घालताना उलटे घालू नयेत, हेही नव्याने शिकावे लागते. तंतूच्या बल्बला दिशा नव्हती, एलईडीला आहे. जुन्या टॉर्चमध्ये सेलचे बटण बल्बाकडे असते, म्हणजे मधले टोक धन. काही मोड्यूल दोन्हीकडून चालतात, पण ती सोय करणारे सर्किट थोडे व्होल्ट खाते. दोन सेलच्या टॉर्चला ते नको. आणि पैसे वाचवायला मोठ्या सेलांच्या जागी लॅपटॉपमधून काढलेले १८६५० लिथियम सेल कागदाच्या नळीत गुंडाळून घालायची जी टूम निघाली आहे, ती मोडायला हवी. पूर्ण भरलेला एक लिथियम सेल ४.२ व्होल्टचा असतो, दोन जोडले की ८.४. साध्या दोन सेलांसाठी बनवलेले मोड्यूल तेवढ्याने क्षणात जळते. संरक्षण सर्किट नसलेला जुना लिथियम सेल बंद पितळी नळीत तापला तर त्याची वाफ निघायला जागाही नसते.

मोड्यूल बसवून झाले की जुना बल्ब टाकून देऊ नये. बऱ्याच जुन्या टॉर्चच्या बुडाच्या झाकणात, स्प्रिंगच्या आत, जादा बल्ब ठेवायला खोबण असते. कापसात गुंडाळून तो तिथे ठेवावा. एलईडीचे सर्किट शिवारात गेले तर ते दुरुस्त होत नाही. बल्ब मात्र अंधारातही चाचपून बदलता येतो.